कोऱ्या चेकवरची सही

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढच्या बाई काउंटरवर कोऱ्या चेकवर सही करत होत्या. "एक फायनान्सवाले माझ्या तिन्ही कर्जांचा मिळून एकच हप्ता करून देणार आहेत," त्या आपणहून म्हणाल्या. "आधी फाइलचे पाच हजार तेवढे भरायचे."

मी न राहवून विचारलं, "ताई, आधीच पैसे मागतात? आणि चेक कोरा कशाला? त्यापेक्षा बँकेतच विचारा ना."

"बँकेत सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात हो. हे लोक फोनवर मला मॅडम म्हणतात."

माणूस पैशाच्या लोभाने फसतो, असं आपण समजतो. मानाला उपाशी राहिलेला माणूस कुठे कुठे सही करत असेल?

शाई फिसकटू नये म्हणून त्यांनी सहीवर हलकेच फुंकर घातली. रकमेची जागा कोरीच होती.