गेलेल्यांना फायबर

गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की फोटोफ्रेमच्या पट्ट्या विकणारे पट्टीवाले अप्पा ‘या’ म्हणत नसत, ‘बसा’ म्हणत नसत. चष्म्यावरून बघत आणि विचारत, “फोटोतला माणूस आहे, की गेला?”

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझ्यासोबत शेजारची नुकतंच लग्न झालेली मुलगी होती, तिची आई होती आणि लग्नाचा हा एवढा मोठा फोटो होता. अप्पांनी फोटोकडे पाहिलंही नाही. “आहेत, की गेले?” त्या आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. “अहो, शुभ बोला की जरा!” ती ओरडलीच. “शुभ बोलून पट्टी ठरत नाही,” अप्पा म्हणाले. “आहेत ना? मग कागदी चालेल.” त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला, तो कायमचा.

नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर आम्ही विश्रांतवाडीत फोटोफ्रेमचं दुकान टाकलं होतं. नवरा काच कापायचा, मी पट्ट्या निवडायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची. खऱ्या लाकडाची पट्टी आमच्या वस्तीत कुणाला परवडणार? स्वस्तात दोनच प्रकार. एक कागदी, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली आणि वरून लाकडाच्या रंगाचा कागद डकवलेली. दुसरी प्लास्टिकची, तिला बाजारात सगळे फायबर म्हणतात. कागदी दिसायला देखणी. फायबर म्हणजे मंगल कार्यालयातली नवरदेवाची खुर्ची, सोनेरी आणि भडक. माझा सगळा ओढा कागदीकडे होता.

पण अप्पांचा कायदा होता. जिवंत माणसाला कागदी, गेलेल्याला फायबर. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “गेलेल्याला हार येतो, बाई. हारवाला हार ताजा दिसावा म्हणून त्याच्यावर पाणी मारतो. ते पाणी पट्टीत उतरतं, भुसा फुगतो, कोपरा उघडतो. तुम्ही हात जोडून मोकळ्या. शिव्या मला.” एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ म्हणाले, “वडील आहेत आमचे अजून, नव्वदीचे आहेत.” अप्पांनी क्षणभर विचार केला आणि फायबर काढून दिली. वर म्हणतात कसे, “परत हेलपाटा नको.” ते गृहस्थ तणतणत निघून गेले. बरोबरच केलं त्यांनी!

बुधवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात मी दर आठवड्याला जायची आणि दर आठवड्याला अपमान घेऊन यायची. पट्टीला हात लावला की “घाम पुसा आधी.” दोन रंग मागितले की “एक ठरवून येत जा.” मग जायची कशाला, असं नवरा विचारायचा. पट्टी सरळ असायची, मापात असायची, म्हणून. एवढं एक कबूल करते, जास्त नाही.

आमच्या वस्तीतल्या विहाराने मला मोठं काम दिलं. विहार ज्यांनी स्वतःच्या हातांनी उभारला, त्या अकरा दिवंगत माणसांचे फोटो भिंतीवर लावायचे होते. दहा जणांच्या घरून कॉप्या आल्या. अकरावा फोटो गयाआजींच्या मालकांचा, छोटा, काळा-पांढरा आणि जगात एकच. आजी कॉपी करायलाही हातातून सोडेनात. “पहिला फोटो कॉपीवाल्यानं हरवला. आता हाच लाव.” मी होकार दिला. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायचंही मला सुचलं नाही, इतकी मी शहाणी! आणि आजींनी बजावलं, “सोनेरी काही नको गं. त्यांना काय वरातीत बसवायचंय?”

मी अप्पांकडे अक्रोडाच्या रंगाची कागदी पट्टी मागितली. “आहेत, की गेले?” “गेले. पण घरच्यांना सोनेरी नकोय.” “तर मग काळी फायबर न्या.” “ती टिनपाट दिसते, अप्पा.” “दिसू दे. कागदी मी देणार नाही.” असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मला एवढा संताप आला, की मी चार दुकानं पलीकडे गेले आणि तीच पट्टी दुसऱ्याकडून घेतली. खर्च वाचवायला फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंटही घातला नाही. भिंत इतकी सुंदर दिसली, की सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला वाटलं, घ्या आता, अप्पा!

चार महिन्यांत पट्ट्या फुगल्या. सगळ्यात जास्त आजींची, कारण त्या रोज ताजा हार घालत. कोपरा उघडून पाणी आत गेलं होतं आणि फोटो काचेला चिकटून बसला होता. कपाळापासून छातीपर्यंत. दोन स्टुडिओवाल्यांनी हात झटकले. ओढला तर चेहरा काचेवर राहील, म्हणाले.  आजी ती काच पोटाशी धरून माझ्या दुकानात बसून राहिल्या. शेवटी मी अप्पांकडे जायला रिक्षा बोलावली. आजी म्हणाल्या, “मी पण येते.” वाटेत त्यांनी विचारलं, असं कसं झालं गं? मी म्हणाले, “पट्टी खराब निघाली.”

अप्पांनी काच हातात घेतली, उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांनी एक परात काढली, गार पाणी ओतलं आणि फोटो काचेसकट बुडवला. माझा तर जीवच गेला. “हात लावायचा नाही कुणी,” ते म्हणाले. आम्ही तास-दीड तास बसलो. मग त्यांनी पाण्यातच, बोटाने न ओढता, काच हळूहळू तिरकी करत नेली आणि फोटो सुटला. एका कानाचा तुकडा गेला. चेहरा शाबूत राहिला.

आजी रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी अप्पांना विचारलं, “पट्टी तुमचीच होती ना?”

मी तोंड उघडायला हवं होतं. मी परातीतलं पाणी बघत बसले.

“माझीच,” अप्पा म्हणाले. “खराब निघाली.”

आजींनी त्यांना जे झाडलं, ते मी इथे लिहीत नाही. अप्पा उभे राहून सगळं ऐकत होते. आजी रिक्षात बसल्यावर मी मागे फिरले, काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, “आभार-बिभार नको. त्यांना रोज तुमच्या दारावरून जायचंय, माझ्या नाही. आणि ते बाकीचे दहा आजच बदला.” मी त्याच दिवशी दहाही फ्रेम बदलल्या. काळ्या फायबरमध्ये.

नंतर मी त्यांच्याशी नीट बोलले, असं नाही. उलट जास्तच तुसडी झाले. त्यांचं तोंड बघितलं की माझं मला दिसायचं, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढायची. ते पुन्हा त्या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. निदान एकदा तरी टोमणा मारायचा होता मेल्याने!

गेल्या वर्षी अप्पा गेले. कळलं तशी मी दुकान नवऱ्यावर टाकून तडक आजींकडे गेले, खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून. आजी मेथी निवडत होत्या. मी म्हणाले, “आजी, ते बुधवारातले पट्टीवाले गेले.”

आजींनी एक जुडी सोडली, देठ बाजूला केले. “चांगला नव्हता गं तो माणूस,” त्या म्हणाल्या.

“नव्हताच,” मी म्हणाले आणि मेथी निवडायला बसले.