जळूवरची बंदी

दहिवलीच्या स्पर्धेत शकू पहिली आली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण जेवढ्यास तेवढ्या. तिच्यासमोर हरलेला जितेश उठला, "काकी, जिंकलात तुमी, पण मजा नाय आली," म्हणाला आणि हेल्मेट उचलून चालता झाला. हरलेलं माणूस असंच बोलतं, असं शकूने मनाशी म्हटलं. तरी चौक गावी घरी जाणाऱ्या टमटममध्ये बसल्यावरही ते वाक्य कानातून जाईना.

पन्नाशी उलटलेली बाई मोबाइलवर राक्षसांच्या झुंजी लावते, याचं गावात हसूच व्हायचं. पण त्या खेळाची सुरुवात हसण्यासारखी नव्हती. तिचा नवरा येसाजी रसायनीला एका कारखान्यात ऑपरेटर होता. अर्धांगाचा झटका आला आणि तो खाटेला खिळला. शकू कामगारांचे जेवणाचे डबे करायची. सकाळचे डबे गेले की दिवसभर त्याच्या उशाशी. मुलगी ऋतिका नोकरीसाठी पुण्याला निघाली तेव्हा तिने आईच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला. "घाईचा नाय गं आई. तुझी चाल, मग समोरच्याची चाल. मधे बाबांना पाणी पाजायला उठलीस तरी चालतं."

आपले राक्षस निवडायचे, समोरचा त्याचे निवडणार, आणि एकेक चाल करत एकमेकांना लोळवायचं. राक्षसांची नावं इंग्रजी आणि लांबलचक. शकूने ती पाठ करायच्या भानगडीत न पडता आपलीच नावं ठेवली. चिखलाच्या रंगाची, लांबोडकी ती जळू. पाठीवर ढाल घेतलेला तो खेकडा. पुढे स्पर्धेला येणारी कर्जत-दहिवलीची सगळी पोरंही तीच नावं वापरायला लागली.

येसाजीला कुशीवर वळवलं की तोही बघायचा. वाचा गेलेली, पण शकू जिंकली की डावा हात चादरीवर आपटायचा. तो गेला त्याला वर्ष झालं. खेळ राहिला.

जळूचा डाव असा, की ती दर चालीला समोरच्याचं थोडं रक्त प्यायची आणि तेवढीच स्वतः ताजी व्हायची. तिला मारायला जावं तर खेकडा आडवा येऊन मार अंगावर घ्यायचा. समोरचा हळूहळू संपायचा. शकूचा हा डाव पक्का बसला होता.

स्पर्धा भरवायचा साईनाथ. दहिवलीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि वर क्लासचा हॉल रविवारी रिकामा असायचा. कुठला राक्षस चालेल आणि कुठल्यावर बंदी, हे तिघांनी ठरवायचं असा रिवाज होता: साईनाथ, भिसेगावची हर्षला, जी इथली सगळ्यात जुनी खेळाडू, आणि मागच्या स्पर्धेत पहिला आलेला. या खेपेला शकू. पुढच्या रविवारी ती वर गेली तर विषय एकच निघाला, जळू.

"माझ्या जळूवर बंदी घालाया मलाच बोलावलंत व्हय रं?" शकू म्हणाली.

साईनाथ वरमला. "माझं मत बंदी नको असंच आहे, काकी. खेळात दिलंय ते खेळायचं. ज्याला जमत नाही त्याने तोड शोधावी."

"तोड आहे की," हर्षला म्हणाली. "जळूला मारणारा एकच राक्षस आहे. पण तो संघात घेतला की बाकी सगळ्यांपुढे हरायला होतं. म्हणून आता दोनच तऱ्हेचे संघ उरलेत, जळूवाले आणि जळूला मारणारे. बाकीच्या राक्षसांना कोणी हातही लावत नाही. नवीन येणारे एकदा येतात, परत फिरकत नाहीत."

"मग खेकडा काढा. एकटी जळू दोन फटक्यांत मरते."

"खेकडा सगळ्यांच्याच संघात असतो. त्याचा कोणाला त्रास नाही."

"मग दोघं एकत्र नको, असा नियम करा."

यावर साईनाथच म्हणाला, "तसं केलं तर उद्या हा त्याच्याबरोबर नको, तो याच्याबरोबर नको, असं वाढतच जाईल. नवीन माणूस नियम वाचूनच घरी जाईल, काकी."

शकूचा पारा चढला. "सरळ बोला ना. एक म्हातारी जिंकली ते टोचतंय."

हर्षला वाद घालत बसली नाही. तिने आपला फोन पुढे सरकवला. "काकी, जळूच्या समोर बसून तुम्ही कधी खेळलात? माझा जळूच्या आधीचा जुना संघ तुम्ही घ्या, तुमचा मला द्या. एकच डाव."

एक साईनाथचं आणि एक हर्षलाचं, अशी दोन मतं एकमेकांविरुद्ध पडली होती. निकाल आता शकूच्या हातात. तिने फोन घेतला.

पहिल्या चालींना तिला चेवच आला. हर्षलाच्या संघात आगीचा एक वाघ होता, त्याने खेकड्याला चांगलं भाजून काढलं. पण जळू प्यायला लागली. शकूने वाघ मागे घेतला, दुसरा काढला, तिसरा काढला. काही केलं तरी खेकडा आडवा. तिच्या राक्षसांचा उरलेला जीव दाखवणारी वरची हिरवी पट्टी जरा उतरायची, थांबायची, पुन्हा उतरायची. आपण हरलो, हे तिला डावाच्या मध्यावरच कळलं. पण डाव संपायला तयार नव्हता.

तिची बोटं थांबली. आज चमचा धरवत नाही, उद्या घास गिळवत नाही. औषध बदललं की दोन दिवस बरं, मग पुन्हा खाली. आणि आपण उशाशी बसून बघायचं. येसाजीचे शेवटचे महिने तिच्या डोळ्यांसमोर आले. फोन तिने टेबलावर पालथा ठेवला.

"अजून संपला नाही, काकी," साईनाथ म्हणाला.

"संपलाय. मघाशीच." मग तिने विचारलं, "ह्यो जितेश असाच बसला व्हता माझ्यासमोर?"

"पाऊण तास," हर्षला म्हणाली. "उठला नाही."

शकू पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि हात वर केला. "घाला बंदी. पण सगळ्यांना नीट सांगा. जळू वाईट व्हती म्हणून नाय. तिच्यापुढं बसणाऱ्याला करण्यासारखं कायच उरत नाय, म्हणून."

घरी आल्यावर तिने जळूला संघातून काढलं तेव्हा तिला भरून आलं. फोनवर ऋतिका चिडलीच. "नाही म्हणायचंस ना! मत तुझं होतं."

"माझं व्हतं म्हणून तर दिलं गं."

पुढच्या स्पर्धेत शकू पहिल्याच फेरीत गारद झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "जळू गेली, काकी गेली." ते तिला ऐकू गेलं. त्यानंतर डब्यांचं निमित्त करून ती जायचीच बंद झाली. मग एका रविवारी हर्षला स्वतः तिच्या घरी आली. तांदळाच्या भाकरी आणि सुकट खाऊन दोघी दुपारभर ओटीवर खेळत बसल्या. चपळ राक्षसांवर शकूचा हात बसेना. मारायची घाई तिच्या स्वभावातच नव्हती. पण हर्षला येत राहिली आणि शकू हरत हरत शिकत गेली. दिवाळीच्या स्पर्धेत ती चौथी आली. टाळ्या या खेपेला मनापासून पडल्या, आणि त्यात जितेशच्याही होत्या.

विजेती नसली तरी बंदीचा विषय निघाला की साईनाथ तिला बोलावून घ्यायला लागला. मध्यंतरी खेळात एक नवा राक्षस आला. जितेश तरातरा जिना चढून वर आला. "काढा त्याला, काकी! निव्वळ अन्याय हाय."

"किती डाव हरलास त्याच्यापुढं?"

"आज सकाळीच एक."

"मग अजून हर. येगयेगळं करून हर. काय बी केलं तरी हरतोस असं झालं की ये, पयला हात मी वर करीन."

जितेश पुटपुटत खुर्चीत बसला आणि फोन उघडून संघ बदलायला लागला. तो राक्षस अजून खेळात आहे. जितेश त्याच्यापुढे कधी हरतो, कधी जिंकतो.