हेडलाइटमुळे म्हशीने पान्हा चोरला

मंडळी, ऑटो लाइटवाली गाडी घेतली असेल तर हे वाचाच. मी महिन्याभरापूर्वी सेकंडहँड घेतली.

आज संध्याकाळी कामावरून येताना नेहमीसारखा पोशीरला सुमनकाकूंकडे दुधासाठी थांबलो. सकाळी बॅटरी बसली होती, म्हणून मेकॅनिकने बजावलं होतं की घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. गोठ्यासमोर गाडी चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून बसलो.

अंधारून आलं आणि हेडलाइट आपोआप लागले, थेट म्हशीच्या डोळ्यांत. धार काढत बसलेल्या काकू ओरडल्या, "लाइट बंद कर रं! पान्हा चोरला हिनं!"

मी बटण फिरवलं. लाइट तसेच. घाईत दुसरंच फिरवलं, तर वायपर सुरू झाले. मागे टेंपो उभा, गाडी हलवायला जागा नाही. म्हैस लाथा झाडायला लागली.

शेवटी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "दादा, हँडब्रेक ओढा आधी. इंजिन चालू असताना त्याशिवाय या गाडीचे लाइट बंद होत नाहीत."

पावसाळ्यात हँडब्रेक चिकटतो, म्हणून इकडे आम्ही तो ओढतच नाही. पाऊस कधीच गेला, सवय राहिली. ओढला, बटण फिरवलं, लाइट गेले.

काकूंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, पारडू पुन्हा लावलं, तेव्हा कुठे धार सुरू झाली.

तुम्हाला माहीत होतं का हे हँडब्रेकचं?

किटली हातात देताना काकू म्हणाल्या, "म्हशीनं माझं ऐकलं बघ. गाडी तुझीच हाय ना रं?"