राजाचा तुरा

वडशाच्या नाटकात राजा होणारा एक नट मला सकाळी वैनगंगेच्या काठी भेटला. कानामागे रात्रीचा रंग तसाच होता. जिभेचं टोक बाहेर काढून तो फेट्याच्या तुऱ्यातलं शेवटचं पीस दोऱ्यानं गळाला गुंडाळत होता. बघता बघता गळाचा हुबेहूब किडा झाला.

"तुरा काऊन मोडून राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"मासाबी पब्लिकच हाये. चमक दिसल्याबिगर येत नाई."

मासा आला, आणि दोरी तोडून पिसासकट पसार झाला. नट खो खो हसला.

रात्री प्रयोगात बोडका फेटा पाहून प्रधान गडबडला. "महाराज, आपला तुरा?"

"लढाईत गेला, प्रधानजी! गनीम जबर होता."

मंडप हळहळला. मला मात्र हसू आवरेना. शेजारची बाई डाफरली, "राजा हारला, अन् तुम्ही हासून राह्यले?"