यादीत मी पहिली, घड्याळ मात्र जावयाला

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात नर्सिंग वसतिगृहाच्या फळ्यावर मी लिहिलं होतं की दुर्ग शहरातल्या घड्याळांच्या दुकानात विलायती घड्याळं नंबरानेच मिळतात. ते चूक होतं. माझ्या भरवशावर तुम्ही तिघींनी यादीत नावं दिलीत, म्हणून आजचं सांगते.

आज दुकानात एकच घड्याळ आलं होतं. वर्षभर थांबून माझा नंबर पहिला लागला होता. मालकाने ते माझ्यासमोर दुसऱ्याच गृहस्थांना दिलं. त्यांचं नाव यादीत सातवं होतं.

"काका, नंबर माझा होता ना?"

"त्यायच्या पोरीचं लगन आहे, जावयाले द्या लागते. तुले कावून पाहिजे एवढं महागाचं?"

"माझ्या जुन्याचा सेकंदकाटा अडकतो. परवा कारखान्याच्या भट्टीवर भाजलेल्या माणसाची नाडी मी चुकीची मोजली."

"मंग लगन ठरव, बापाले घेऊन ये. लगेच देतो!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले, त्याचीच जास्त लाज वाटते.

घरी अक्षरं शिकवताना आई म्हणायची, आपलं चुकलेलं आपणच खोडायचं. यादीतली तुमची नावं राहू देऊ की खोडू, रविवारपर्यंत सांगा. माझं मी येत्या सोमवारी, दुकान उघडताच, स्वतःच्या हाताने खोडणार आहे.