पाठीवरचा शिशाचा तुकडा

मॅट्रिकच्या फॉर्मसाठी फोटोवाल्याने मला दुसऱ्याच मुलीचे फोटो दिलेले, तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही. हाडांच्या फोटोवर तर कसा बसावा? त्यात तोंडच नसतं.

कळव्याच्या मिठागरावर होडीत मीठ भरताना बाबा फळीवरून पडले आणि कमरेतला मणका सरकला. ठाण्याच्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, स्क्रू घालून मणका पक्का करू, नाहीतर पाय जातील. माणसाच्या पाठीत स्क्रू, सुतारकामच की! संमतीच्या कागदावर अंगठा बाबांचा लागणार होता, पण मी वाचून हो म्हटल्यावरच. घरात शिकलेली मी एकटीच.

आदल्या दिवशी एक्स-रे काढताना त्यांनी बाबांच्या पाठीवर चिकटपट्टीखाली काहीतरी लावलं. फोटोत ही खूण दिसते, तिच्यावरून उद्या नेमका मणका शोधायचा, पट्टीला हात लावू नका, असं सर्जनांनी बजावलं. हात लावू नका म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी वॉर्डातली आया बाहेर गेली, बाबा पालथे झोपलेले. मी पट्टी उचकटली. आत वाटाण्याएवढा शिशाचा तुकडा, बस्स. होता तिथेच, म्हणजे मला वाटलं तिथे, परत चिकटवून टाकला.

सकाळी मी हटून बसले. "ही एक्स-रेची प्लेट बाबांचीच कशावरून? माझ्यासमोर दुसरी काढा, मगच अंगठा."

"बाई, इथे डॉक्टर कोण आहे?" सर्जन भडकले. पण काढली.

ओली प्लेट खिडकीशी धरून ते कालच्या प्लेटशी ताडून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खूण एक मणका वर सरकलीय. स्क्रू चांगल्या मणक्यात गेले असते." आणि बाबांना वॉर्डातून घेऊन आलेल्या आयाकडे गर्रकन वळले. "अंग पुसताना हलवलीस ना?"

"आईशप्पत साहेब, मी हात पन नाय लावला." ती रडायला लागली.

सर्जन मला म्हणाले, "तुमच्या संशयानेच वाचवलं हो." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी गप्पच. बाबा एक्स-रेच्या टेबलावर पालथे, तोंड भिंतीकडे.

त्यांनी नव्याने खूण केली. स्क्रू घातल्यावरही, टाके घालण्याआधी, आणखी एक प्लेट काढून बघितली म्हणे. बाबा काही महिन्यांनी काठी टेकत मिठागराच्या बांधापर्यंत जायला लागले. पोरीच्या संशयी स्वभावाचं माझ्या आईने गावभर कौतुक केलं. बाबा मात्र त्यावर कधी बोलले नाहीत.

एकदा त्यांच्या पाठीला तेल लावत होते. व्रणापाशी हात थबकला.

"अजून थंडच हाय," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुजा हात. त्या दिशी पट्टी काढलीस, तवा बी असाच थंड व्हता."

"जागे होतात? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत व्हतो," बाबा म्हणाले. "ती आया रडत व्हती गो."