बट्टीची भट्टी डिंडोलीला जाते

आमची गाडी धुळ्याहून निघाली तेव्हा निम्मं धुळं निरोपाला आलं होतं. उरलेलं निम्मं खिडकीतून बघत होतं. गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. सिटा काढून मी त्यात पलंग, मोरी, ओटा आणि एक परदेशी बनावटीचा ओव्हन बसवलाय. ओव्हन प्रोपेन गॅसवर चालतो आणि माझ्या मते त्यात अख्खं गाव भाजून निघेल.

माझी थोरली बहीण, अक्का, सुरतेला बमरोलीत गिरणीशेजारच्या भाड्याच्या खोलीत म्हातारी होत आली होती. आता तिथेच डिंडोलीत तिचं स्वतःचं घर झालं. वास्तूच्या जेवणाला तिला बट्टीच हवी होती. तीही उकडून तळलेली नव्हे, तर वावरात (शेतात) भाजायचो तशी, विस्तवावरची. पण गल्लीला नवे सिमेंटचे ब्लॉक बसवलेले, तिथे गोवऱ्या पेटवायला सोसायटीची मनाई. मी फोनवर छाती ठोकून सांगितलं, "अक्का, भट्टी घेऊन येतो." तिने ते गल्लीभर सांगितलं. झालं, शब्दात अडकलो.

निघताना मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, गाडीची पूजा केली. टायरला कुंकू, स्टिअरिंगला कुंकू, ओव्हनला स्वस्तिक आणि आत मूठभर ओल्या अक्षता. "टाक अजून, हात आखडू नकोस," मी म्हणालो.

कोंडाईबारीच्या घाटात गाडी इतकी दमली की एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. बैलाने वळूनही पाहिलं नाही. त्याला आमची लाज वाटली असावी. सोनगढला चहाला थांबलो. टपरीवाल्याने आत डोकावून विचारलं, "आमां कोण रहे छे?" (यात कोण राहतं?)

"सुरतच्या नवाबाचा खानसामा," मी म्हणालो.

"तो नवाब क्यां?" (मग नवाब कुठे?)

"मागून पायी येतोय."

त्याने खरोखर रस्त्याकडे पाहिलं. मंगलने कपाळाला हात लावला.

डिंडोलीत शिरलो तर अक्का गल्लीच्या तोंडाशीच उभी. "उना का रे भाऊ!" (आलास का रे भाऊ) म्हणत तिने आधी माझ्या नव्हे, गाडीच्या पाठीवर थाप मारली. वरण उकळत होतं, वांगी घोटून तयार होती, केळीची पानं धुऊन ठेवलेली. परातीत बट्टीचे गोळे आणि भोवती पाहुणे. घाट, चहा आणि नवाब यांच्यापायी आम्हाला उशीर झाला होता, त्यामुळे पाहुणे आमच्याआधी पोचले होते.

आता इथून पुढचं मी घडलं तसंच सांगणार. गॅसपुढे मी फुशारकी मारत नाही.

गाडी चालू असताना सिलिंडर बंदच होता. दारं, खिडक्या, छताचं झाकण, जमिनीलगतची जाळी, सगळं उघडलं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, म्हणून खालची जाळी मोकळी हवीच. ओव्हनचं दार उघडलं. मग सिलिंडर हळू सोडला, बटण दाबून धरलं आणि लांब लायटरने आतली छोटी ज्योत पेटवली. बटण लगेच सोडायचं नसतं. ज्योतीलगतची कांडी तापेपर्यंत दाबून ठेवायचं, नाहीतर ज्योत विझते. सोडलं. ज्योत टिकली. मग मोठा बर्नर लावला.

भक्कन पेटला, पण पिवळा! लवलवत, काजळी ओकत.

मी बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला आणि ओरडलो, "सगळे लांब व्हा. गाडीजवळ कोणी विडी पेटवायची नाही."

गल्ली खो खो हसली. माझा लौकिकच तसा. दाजी, अक्काचे यजमान, म्हणाले, "मेव्हणे, आता बॉम्ब फुटणार का?"

अक्का मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. "हासू नका रे. हाऊ आते खरं बोली ऱ्हायना," (हा आता खरं बोलतोय) ती म्हणाली. "खोटं सांगताना याचे दोन्ही हात नाचतात. आता बघा, थिजलेत."

सगळे मागे सरकले.

दाजी हळूच म्हणाले, "पिवळी तर पिवळी. भाजल्याशी मतलब."

"दाजी, पिवळी म्हणजे तिला हवा कमी पडतेय. त्या धुराचा विषारी भाग दिसत नाही, वास येत नाही, माणूस मात्र जातो. नाही लावणार."

शेजारच्या गुजराती बेननी तेलाची कढई आणून ठेवली. अक्काने एकदा कढईकडे, एकदा परातीकडे पाहिलं. "तयू का मंग?" (तळू का मग?) आवाज बारीक झाला होता.

"अक्का, कढई राहू दे. पेटवल्याशिवाय मी धुळ्याला जात नाही."

गॅसचा वास पूर्ण गेल्यावर मी सिलिंडर सोडला, बटणं बंदच ठेवली, आणि नळीच्या सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी लावलं. काडी पेटवून गळती शोधणारे शूर मी पाहिलेत. त्यांच्या भुवया परत उगवल्या नाहीत. एकही बुडबुडा आला नाही. पुन्हा सिलिंडर बंद. बर्नर गार झाल्यावर ओव्हनच्या तळाचा पत्रा काढला.

बर्नरला हवा पुरवणारी फट लालभडक तांदळाने गच्च! पत्र्याच्या भोकांतून आमच्या अक्षता खाली उतरल्या होत्या आणि कुंकवासकट तिथेच चिकटल्या होत्या.

मंगलने पदर तोंडाला लावला. "मी टाकल्या."

"आणि मी म्हणालो, अजून टाक."

दाजी दाभण घेऊन आले. ते मी परत पाठवलं. टोचून गॅसचं भोक मोठं केलं की नवीनच दुखणं. कोरड्या ब्रशने दाणा न् दाणा काढला, पत्रा बसवला, पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं.

ज्योत निळी आली. ठेंगणी, स्थिर, मुकाट. अक्काने पहिला घाणा स्वतःच्या हाताने आत सरकवला.

बट्ट्या तांबूस फुलून आल्या. पहिली तुपात बुडवून तिने देवापुढे ठेवली. दुसरी मोडून तोंडात टाकली. मग म्हणाली, "वावरातली शे." (वावरातली आहे.)

धुळ्याला परतल्यावर आळी जमली. मी सांगितलं, बट्टीचा वास हजीऱ्याच्या बंदरापर्यंत गेला, जहाजांनी नांगर टाकले, कप्तान पंगतीत पानं मागायला आले. दोन्ही हात पंख्यासारखे फिरत होते.

मंगल ताट घेऊन गाडीपाशी आली. ओव्हनच्या दाराला बाहेरून कुंकवाचं एकच बोट लावलं. मुठीत अक्षता होत्याच. तिने क्षणभर विचार केला आणि त्या सगळ्या माझ्या डोक्यावर टाकल्या.

"इथे चालतील," ती म्हणाली. "इथली हवा कशानेच अडत नाही."